आधी खाका, मग करवत

सांगली जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या घरी शिवणकाम करतात, पती कारखान्यात आहेत. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने बनवायचे त्याने मनावर घेतले आहे. जुने घर पाडले तेव्हा सागाची एक तुळई सासऱ्यांनी जपून ठेवली होती. सासरे आता हयात नाहीत, आणि मुलाचा डोळा नेमका त्या तुळईवर आहे. "दोन महिने झाले, रोज रात्री कॉम्प्युटरवर रेषा ओढत बसतो. लाकडाला अजून हात लावलेला नाही. हे काम म्हणायचे की वेळ घालवणे? आणि अब्बाजींची तुळई त्याच्या हाती द्यावी का?" असे त्या विचारतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या भगिनीला स्वतःलाच ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचे महागडे कापड समोर आले की त्या थेट कात्री चालवतात का? आधी मापे घेतात, खाकी कागदावर कटिंग आखतात, शिलाईसाठी माया सोडतात, मग कापडाला हात लावतात. कागद चुकला तर दुसरा कागद घेता येतो. कापड चुकले तर गिऱ्हाईकही जाते. मुलगा दोन महिने जे करतो आहे ते खाकी कागदावरचेच काम आहे, फक्त कागद पडद्यावर आहे. ज्याच्याकडे लाकडाचा एकच तुकडा आहे आणि तोही आजोबांचा, त्याने दोन महिने आखण्यात घालवले तर त्याला लाकडाची किंमत कळते असे आम्ही समजू.

वाद्याबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, हे आम्ही जाणतो. तो निवाडा करणे या सदराचे काम नाही. घरातल्या थोरल्यांसोबत बसून ते मोकळेपणाने बोलून घ्यावे, मुलाला लपूनछपून काही करायला लावू नये. इथे आपण फक्त कारागिरीचे आणि हिशेबाचे बोलू.

असेच एक काम साठ वर्षांपूर्वी लंडनजवळच्या एका साध्या घरात झाले होते. १९६३ साली ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातली परवडत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे सरकारी विमान खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे आराखडे काढणे हाच त्यांचा पेशा. बापलेकांनी मिळून गिटार बनवायला घेतली आणि त्यात सुमारे दोन वर्षे गेली. मानेसाठी लाकूड कुठून आले? शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीतून. त्या लाकडाला किडीने भोके पाडली होती, ती काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. धडाच्या मधल्या भागाला जुन्या टेबलाचे ओक लाकूड लावले. पडद्यांवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घासून बसवली. तारा ताणणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा आल्या. पिकअप आधी त्याने स्वतः गुंडाळले होते. ते मनासारखे वाजेनात, तेव्हा हट्ट न धरता विकतचे आणून बसवले.

तो मुलगा पुढे 'क्वीन' या बँडमध्ये जगप्रसिद्ध झाला. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला होता. संगीतासाठी ब्रायनने पीएचडी अर्धवट सोडली तेव्हा वडील फार नाराज झाले होते. ती पदवी त्याने २००७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, खगोलभौतिकीत पूर्ण केली. २००२ साली राणी एलिझाबेथच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून त्याने वाजवली ती गिटार हीच, शेकोटीच्या लाकडाची. हे सांगण्याचा हेतू असा नाही की प्रत्येक मुलगा ब्रायन मे होईल. हेतू एवढाच की जुने लाकूड, आईची बटणे आणि वडिलांचे आखणीचे हुनर एकत्र आले तर घरात चाळीस चाळीस वर्षे टिकणारी वस्तू बनते.

आता गिटारीकडे वळू. साध्या गिटारीत आवाज पोकळ पेटीतून मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारीत हे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्याच्यावर थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, ती यंत्र मोठी करते आणि स्पीकर वाजतो. त्यामुळे धड भरीव, सपाट फळीचे असले तरी चालते. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी हे ओळखले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी १९५० साली बाजारात आणलेली गिटार म्हणजे फळीचे धड आणि त्याला चार स्क्रूंनी आवळलेली मान. १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने विकली जाते. घरी पहिल्यांदा बनवणाऱ्याने हाच नमुना धरावा. मान वेगळी, धड वेगळे. एक बिघडले तरी दुसरे वाचते.

खरी परीक्षा मानेवरच्या पडद्यांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणे सोपे, कारण मिरज तिथेच आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी मिरजेत तंतुवाद्यांचा धंदा उभा केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर जरा चढला किंवा उतरला तर पडदा बोटाने सरकवता येतो. उस्तादाचा कान शेवटचा शब्द सांगतो. गिटारीचा पडदा मात्र अर्ध्या-पाऊण मिलिमीटर रुंदीच्या खाचेत ठोकून बसवतात. एकदा ठोकला की सरकत नाही. म्हणून इथे कानाच्या आधी हिशेब लागतो.

हिशेब असा. वरची पट्टी, जिला नट म्हणतात, तिथपासून घोडीपर्यंत तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर धरू. टेलिकास्टरची लांबी साधारण एवढीच. तार बरोबर अर्धी केली की वरच्या सप्तकाचा तोच स्वर मिळतो, म्हणून बारावा पडदा ३२४ वर. या अर्ध्या प्रवासात बारा समान पायऱ्या पाडायच्या आहेत. समान म्हणजे मिलिमीटरने समान नव्हेत, प्रमाणाने समान. प्रत्येक पायरीला स्वराची कंपने १.०५९४६ पट होतात. हा २ चा बारावा मूळ. हिशेबाला सोपे रूप असे की उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. पहिला पडदा नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो, दुसरा ७०.७० वर, तिसरा १०३.१० वर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर. वरच्या पडद्यांमधली जागा रुंद, खाली सरकत जाल तशी अरुंद. एकविसाव्या आणि बाविसाव्या पडद्यात जेमतेम १०.८ मिलिमीटर उरतात. घातांक आणि मूळ शिकवताना मुले आम्हाला विचारतात, याचा उपयोग काय? त्यांना यापुढे गिटारीची मान दाखवावी.

पूर्वीचे कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील विंचेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली हाच नियम लिहून ठेवला आहे. तोंडी हिशेबाला तो सोयीचा. पण त्या नियमाने आपल्या मापाचा बारावा पडदा ३२४ ऐवजी ३२१.६४ वर पडतो. सव्वादोन मिलिमीटरहून जास्त फरक! दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा आठवा भाग त्यात जातो, आणि तो कानाला टोचतो. भागाकारात एवढीशी ढिलाई, पण बारा वेळा साठत गेली. पट्टीने मोजतानाही हेच होते. एका पडद्यापासून पुढचा, त्यापासून त्याच्या पुढचा असे मोजत गेले तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्याच्या डोक्यावर बसते. म्हणून प्रत्येक पडदा नटपासूनच मोजायचा. मग एखादा चुकला तरी तो एकटाच चुकतो.

कॉम्प्युटरचा उपयोग इथे सुरू होतो. फ्रीकॅड नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. साध्या सपाट आराखड्यांसाठी लिब्रेकॅड आहे, तेही मोफत. फ्रीकॅडची खुबी अशी की त्यात एक तक्ता ठेवता येतो. तक्त्यात तारेची लांबी, नटची रुंदी, धडाची जाडी अशी मापे लिहायची आणि चित्रातल्या रेषा त्या मापांना बांधून टाकायच्या. उद्या मुलाला वाटले की बोटे लहान आहेत, लांबी ६४८ नको ६२८ हवी, तर तक्त्यात एक आकडा बदलायचा. बावीस पडदे, घोडीची जागा, सगळे आपोआप सरकते. कागदावर हेच करायचे तर पूर्ण चित्र पुसून पुन्हा काढावे लागेल, आणि आळसाने कोणी ते काढत नाही.

चित्राची सुरुवात मात्र एकाच रेषेने व्हावी. धडाच्या आणि मानेच्या मधोमध जाणारी मध्यरेषा. खुंट्यांपासून घोडीपर्यंत प्रत्येक गोष्ट या रेषेपासून डावी-उजवी मोजायची. नटपाशी मान सुमारे ४२ मिलिमीटर रुंद, घोडीपाशी पहिली आणि सहावी तार साधारण ५२ मिलिमीटर अंतरावर. या दोन टोकांतून तारा ओढून पाहिल्या की त्या मानेच्या कडेवरून खाली घसरतात का, ते पडद्यावरच दिसते.

बहुतेक मुले वरून दिसणारे चित्र सुंदर रंगवतात आणि बाजूने दिसणारे काढतच नाहीत. गिटार फसते ती इथे. धड ४५ मिलिमीटर जाड. मानेची टाच २५ मिलिमीटर जाड, आणि ती धडात १६ मिलिमीटर खोल खाचेत बसते. म्हणजे मान धडाच्या वर ९ मिलिमीटर राहिली. त्यावर पडद्याची उंची साधारण १ मिलिमीटर, त्यावर तारेला थरथरायला जागा. घोडीपाशी तार धडापासून १३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. विकत आणलेली घोडी १५ च्या खाली उतरतच नसेल तर? तारा उंच राहतील, बोटे दुखतील, गिटार कोपऱ्यात पडेल. म्हणून घोडी, पिकअप, खुंट्या आणि मानेतली पोलादी सळई आधी घरात आणावीत, व्हर्नियरने मोजावीत आणि मग चित्रात घालावीत. दुकानाच्या जाहिरातीतल्या मापांवर खाच पाडू नये. सळई तर विसरूच नये. सहा तारा मिळून मानेला ४५ किलोंहून जास्त ओढतात, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याचा भार चोवीस तास. सळईशिवाय लाकूड हळूहळू वाकते.

आता तुळईचे. साग टिकाऊ आहे, पण जड आहे. फ्रीकॅड धडाचे घनफळ सांगते. टेलिकास्टरसारख्या धडाचे ते साधारण ४ लिटर भरते. सागाची घनता लिटरला सुमारे ६५० ग्रॅम धरली तर नुसते धड २ किलो ६०० ग्रॅम. त्यात मान, लोखंडी सामान मिळवा. तासभर खांद्यावर घेऊन उभे राहायचे तर हे ओझेच. फेंडर कंपनीनेही १९६८ साली वजन घटवण्यासाठी आतून पोकळ्या असलेली टेलिकास्टर काढली होती. मुलाने चित्रात ८०० घनसेंटिमीटरच्या पोकळ्या ठेवल्या तर अर्धा किलो उतरेल. करवत हातात घेण्याआधी वजन कळणे ही सोय आपल्या आजोबांच्या सुतारांना नव्हती.

पण कॉम्प्युटरला लाकूड दिसत नाही, हे मुलाला सांगायला हवे. त्याच्या लेखी साग म्हणजे एक आकडा. रेषा कुठे वाकल्या आहेत, गाठ कुठे आहे, जुना खिळा आत कुठे मोडून राहिला आहे, हे त्याला माहीत नाही. पाडलेल्या घराच्या लाकडात खिळे हमखास असतात. धारेखाली आला तर पाते तुटेल आणि तुकडा डोळ्यात जाईल. तुळईवर सगळीकडे लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. साग तेलकट असतो, डिंक धरायला कुरकुर करतो, म्हणून जोडण्याआधी नुकता तासलेला पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून घ्यावा. त्याच्या भुशाने कातडीला खाज आणि श्वासाला त्रास होतो, तेव्हा मास्क आणि चष्मा सक्तीचा. एवढे कळण्यासाठी मुलाला एखाद्या रविवारी मिरजेच्या वाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत पाठवावे. तिथे इलेक्ट्रिक गिटार मिळेल असे नाही. पण लाकूड उचलून, ठोकून, उन्हाकडे धरून कसे पाहतात ते दिसेल. ते शिकवणारे सॉफ्टवेअर नाही.

चित्र पूर्ण झाले की ते खऱ्या मापात छापून घ्यायचे. इंजिनियरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात एकाच मोठ्या कागदावर निघते. छापताना यंत्र कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करते, म्हणून चित्राच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवावी आणि छापील कागदावर ती पोलादी पट्टीने मोजावी. ९७ भरली तर तो कागद रद्दी. बरोबर भरली तर कागद पुठ्ठ्यावर चिकटवून आकार कापावा आणि मुलाने तो मांडीवर घेऊन बसून पाहावे. हात पुरतो का, कोपराला कड टोचते का, बटणे बोटाशी येतात का. पडद्यावर देखणे दिसणारे मांडीवर अवघड वाटू शकते. मग एमडीएफचा साचा करावा, आणि साच्यावरून आधी स्वस्त लाकडाचे एक धड कापावे. बाजारच्या साध्या पाइनच्या फळ्या जोडून केलेले चालेल. शेवटी सागावर रेष मारताना त्या रेषेच्या बाहेर दोन मिलिमीटर माया सोडून करवत चालवावी आणि उरलेले राउटरने साच्याबरोबर घासून आणावे. माया सोडणे कसे, हे त्याला आईइतके चांगले कोणी समजावणार नाही.

तुळई द्यावी का, हा दुसरा प्रश्न. आम्ही म्हणतो, द्यावी, पण पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन. हे प्रश्न विचारायला गिटार यायची गरज नाही, शिवणाची टेप पुरेशी आहे.

पहिला: छापील कागदावर नटपासून बारावा पडदा आणि बाराव्यापासून घोडीची रेषा ही दोन अंतरे सारखी भरतात का? जाड तारांसाठी घोडीवरचे ठोकळे दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवावे लागतात, तेवढी जागा मागे ठेवली आहे का?

दुसरा: बाजूचे चित्र कुठे आहे? पिकअपच्या आणि बटणांच्या खाचांखाली किती लाकूड उरते? सहा मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर पुन्हा आख.

तिसरा: पिकअपपासून बटणांपर्यंत वायर कोणत्या भोकातून जाणार? घोडीला जोडायची अर्थिंगची वायर कुठून? धड रंगवून झाल्यावर हे भोक आठवले तर रंगात ड्रिल घालावे लागते.

चौथा: चित्रातली घोडी आणि खुंट्या हातात घेऊन मोजलेल्या आहेत की कुठून उतरवलेल्या?

पाचवा: स्वस्त लाकडाचे धड कुठे आहे? ते दाखव.

पाचही उत्तरे हातात ठेवता येण्याजोगी मिळाली तर तुळई त्याच्या स्वाधीन करावी, आणि मग मागे उभे राहून सूचना करू नयेत. वडिलांनी मात्र पहिल्यांदा राउटर चालेल तेव्हा जवळ असावे, तुळईचे दुसरे टोक धरायलाही माणूस लागतोच.

आणखी एक गोष्ट मुलासाठी. आखण्याचीही एक हद्द असते. रोज रात्री कड थोडी गोल करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ करायची, असे सुरू झाले की समजावे, आता लाकडाची भीती वाटते आहे. चित्रात चुका करून घ्यायच्या त्या एवढ्यासाठी की लाकडावर हात स्थिर राहावा. एक तारीख ठरवून टाक. रमजानच्या आधी पाइनचे धड, ईदनंतर साग. त्या तारखेला कॉम्प्युटर बंद, छापील कागद भिंतीला, आणि हातात करवत. काही ना काही चुकेलच. भोक वाकडे जाईल, कड थोडी जास्त उतरेल. किडीची भोके काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेल्या लाकडावर जर साठ वर्षे तारा ताणल्या जाऊ शकतात, तर एका वाकड्या भोकाने काही बिघडत नाही.